खाडीच्या गाळाची परीक्षा



मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या दरम्यान नाहूर नांवाचें एक स्थानक आहे. तें २००६ सालीं सुरू झालें. स्थानकाच्या पश्चिमेस आमच्या पिढीचा आग्रा रोड, म्हणजे आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, आणि त्याच्या दोहों बाजूंस एके काळीं धूर सोडणाऱ्या कारखान्यांच्या जागा. पूर्वेस द्रुतगति महामार्ग ओलांडला कीं मिठागरें लागतात, त्यांच्या पलीकडे तिवरांचें दाट रान, आणि रानापलीकडे ठाण्याची खाडी. या टापूंत मीं आयुष्यभर मुलांना शिकविलें. नदी गाळ आणते व मुखाशीं टाकते, हें वाक्य फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल त्याची गणती नाहीं. त्या गाळाबरोबर आणखी काय येतें हा प्रश्न मात्र आमच्या क्रमिक पुस्तकांत नसे. आज त्याच प्रश्नाविषयीं बोलावयाचें योजिलें आहे. गाळांत घातक रसायनें मुरलीं आहेत कीं काय हें जागच्या जागीं कसें पाहतात, आणि त्या पाहण्यावर कितपत विसंबावें, एवढाच माझा विषय.

पाण्याची तपासणी आपल्याकडे होते. १९७४ सालीं जलप्रदूषणाविषयींचा कायदा झाला, तेव्हांपासून नाल्याचें पाणी बाटलींत भरून नेणारा निरीक्षक लोकांच्या ओळखीचा झाला आहे. परंतु खाडीचें पाणी हें वाटसरू आहे. दिवसांतून दोन वेळां भरती, दोन वेळां ओहोटी. मध्यरात्रीं कोणी कांहीं सोडलें तर सकाळीं निरीक्षक येईपर्यंत तें पाणी कोठल्या कोठें गेलेलें असतें. त्यानें आणलेलें ओझें मात्र पुष्कळसें मागें राहतें, आणि तें गाळांत राहतें. पाणी म्हणजे आजची बातमी म्हटली, तर गाळ म्हणजे घरांतली जुनी जमाखर्चाची वही होय. तींत पन्नास वर्षांपूर्वींची रक्कमहि सांपडते; फक्त ती वाचण्याची विद्या पाहिजे.

गाळाला हीं द्रव्यें चिकटतात तरी कशीं? आपल्या घरांतील तुरटीचा खडा आठवावा. गढूळ पाण्यांत तो फिरविला म्हणजे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस बिलगतात, जड होतात आणि तळाशीं बसतात. नाल्याचें गोडें पाणी खाडीच्या खाऱ्या पाण्याला भेटलें कीं मीठ तेंच तुरटीचें काम करतें. हे कण इतके बारीक असतात कीं चमचाभर चिखलांतील कणांचे पृष्ठभाग पसरले तर मोठी सतरंजी झांकून जाईल. शिसें, पारा, कॅडमियम यांसारखे जड धातु, तेलाचा तवंग, डी. डी. टी. सारखीं कीटकनाशकें, हीं सारीं पाण्यांत राहण्यापेक्षां या कणांवर बसणें पसंत करतात. कण तळाशीं गेले म्हणजे तींहि तळाशीं जातात.

ठाण्याची खाडी या बाबतींत विशेष नाजूक आहे. मुंबईच्या बंदरापासून ठाण्यापर्यंत ती सुमारें २६ किलोमीटर आंत शिरली आहे, आणि माथ्याशीं एका अरुंद वाटेनें उल्हास नदीशीं जोडलेली आहे. पावसाळा सरला कीं तिला धुऊन काढील असा मोठा प्रवाह वरून येत नाहीं. भरतीनें आंत ढकलावें, ओहोटीनें थोडें मागें ओढावें, पुन्हां भरतीनें ढकलावें, असा तो खेळ चालतो. पूर्वकांठीं ठाणें-बेलापूर रस्त्यालगत गेल्या शतकाच्या सातव्या दशकापासून रसायनांचे कारखाने उभे राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं देशांतील अतिप्रदूषित औद्योगिक टापूंची जी यादी केली, तींत नवी मुंबईचें नांव होतें. पश्चिमकांठीं, म्हणजे आमच्या बाजूस, मुलुंडची कचराभूमि १९६७ पासून २०१८ पर्यंत चालू होती. तेथें पन्नास वर्षांच्या विजेच्या नळ्या, फुटके तापमापक, रंगांचे डबे आणि बॅटऱ्या एकावर एक साचल्या. आणि याच खाडीच्या चिखलांत माना खालीं घालून चरणारे रोहित पक्षी पाहावयास हिवाळ्यांत मुंबईकरांची झुंबड उडते! २०१५ सालीं येथें त्यांच्यासाठीं अभयारण्य झालें, २०२२ सालीं या पाणथळीला रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादींत स्थान मिळालें. रोहित पक्षी आपली चोंच चिखलांत घालून चाळणीसारखी वापरतो. म्हणजे गाळाची परीक्षा तो रोजच करतो, अहवाल मात्र लिहीत नाहीं.

या भागांतील पाऱ्याचा प्रश्न नवा नव्हे. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं ठाणें खाडींतील पाऱ्याविषयीं १९८१ सालींच निबंध प्रसिद्ध केला होता. पाऱ्याची एवढी धास्ती कां, हें जपानांतील मिनामाटा गांवानें जगास दाखविलें. तेथील रासायनिक कारखान्याचें सांडपाणी उपसागरांत जात असे. १९५६ सालीं मज्जातंतूंच्या एका विचित्र रोगाची अधिकृत नोंद झाली. हातपाय थरथरत, वाचा अडखळे, दृष्टि आकुंचित होई. मातांच्या पोटांतील मुलेंहि त्यांतून सुटलीं नाहींत. पुढें उलगडा झाला तो असा. पारा मासळींत शिरला तो त्याच्या मेथिल-पारा नांवाच्या संयुगाच्या रूपानें, आणि मासळींतून तो माणसाच्या मेंदूपर्यंत पोंचला. त्या कारखान्यांतून हें संयुग तयार स्थितींतच बाहेर पडत होतें. परंतु स्वीडनमधील संशोधकांनीं १९६९ च्या सुमारास आणखी एक गोष्ट दाखवून दिली. चिखलांतील सूक्ष्म जंतु साध्या पाऱ्यापासूनहि हें संयुग आपण होऊन तयार करतात. म्हणजे तळाशीं गेलेला पारा निवांत पडून राहील असा भरंवसा नाहीं. मिनामाटाच्या उपसागरांतील गाळ उपसून बंदिस्त करण्याचें काम १९७७ पासून १९९० पर्यंत चाललें, आणि सुमारें पंधरा लाख घनमीटर गाळ त्यांनीं हलविला.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. गेल्या माघांत एका महाविद्यालयाच्या अध्यापकांबरोबर आणि विद्यार्थ्यांबरोबर मी खाडीवर गेलों होतों. ओहोटी लागली होती, होडी एका कोळी बंधूची होती, आणि चिखलावर निवट्या उड्या मारीत होत्या. पहिलें साधन डोळे आणि नाक. गाळाचा रंग काय, वर तेलाची इंद्रधनुषी साय आहे काय, खेंकड्यांचीं बिळें आहेत कीं जागा उजाड आहे, हें सारें वहींत उतरवितात. येथें आपण शहरवासी एक गल्लत करतों. तिवरांतला काळा चिखल नाकाशीं धरला कीं सडक्या अंड्यांसारखा वास येतो, आणि आपण म्हणतों, पाहा, केवढें विष! वास्तविक तो वास खाजणाचा जन्मजात आहे. पानें कुजतात, आंत हवा पोंचत नाहीं, आणि समुद्राच्या पाण्यांतील गंधकाच्या क्षारांपासून जंतु तो वायु तयार करतात. मुंबईंत एकहि कारखाना नव्हता तेव्हांहि हा चिखल असाच काळा आणि असाच दुर्गंधी होता. उलट शिशाला वास नाहीं, कॅडमियमला वास नाहीं, आणि गाळांत मुरलेल्या पाऱ्यालाहि नाहीं.

गाळ उचलण्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे दोरीनें सोडावयाचा पोलादी चिमटा. व्हॅन व्हीन नांवाच्या डच अभियंत्यानें गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत बनविलेला नमुना अजून सर्वत्र वापरतात. तळाला टेंकतांच त्याचे जबडे सैल होतात आणि दोरी ओढली कीं मिटतात. यानें वरचा थर हातीं लागतो, म्हणजे अलीकडच्या वर्षांचा हिशेब. दुसरा प्रकार नळीचा. लांब नळी चिखलांत उभी दाबून वर काढली कीं आंत थरांची उभी कांडी मिळते. वर तपकिरी, खालीं काळी, आणखी खालीं राखाडी. विद्यार्थी ती कांडी बोटभर जाडीच्या चकत्यांत कापीत होते, तेव्हां मला वड्या पाडणाऱ्या गृहिणीची आठवण झाली. जितकी चकती खोल, तितका काळ जुना. हवेंतून गाळावर पडणाऱ्या एका किरणोत्सर्गी शिशाची शक्ति सुमारें बावीस वर्षांनीं निम्मी होते; त्याच्या मोजमापानें प्रयोगशाळेंत प्रत्येक चकतीचें वयहि काढतां येतें.

भांड्यांचा विचार फार बारकाईनें करावा लागतो. धातु तपासावयाचे असतील तर लोखंडी चमचा चालत नाहीं, स्वच्छ प्लॅस्टिकचा पाहिजे. तेलें व कीटकनाशकें तपासावयाचीं असतील तर प्लॅस्टिकची बरणी चालत नाहीं, कांचेची पाहिजे. नमुना लागलीच बर्फांत ठेवावयाचा. प्रत्येक बरणीवर जागा, वेळ, भरती कीं ओहोटी, आणि गाळ उचलणाऱ्याची सही. चिठ्ठी नसलेली बरणी म्हणजे नांव नसलेली उत्तरपत्रिका. तींत कितीहि उत्तम उत्तरें असलीं तरी गुण कोणाला द्यावयाचे?

यानंतर होडींतच गाळांत एक कांडी खुपसून त्याची आम्लता आणि त्यांत प्राणवायूचा अंश शिरला आहे कीं नाहीं हें पाहतात. मग निघतें तें पिस्तुलासारखें यंत्र, ज्याचीं छायाचित्रें वृत्तपत्रांना फार आवडतात. तें गाळावर क्ष-किरण सोडतें. प्रत्येक मूलद्रव्य त्या किरणांना आपापल्या ठराविक किरणांनीं उत्तर देतें, जसें हजेरी घेतांना प्रत्येक मूल आपल्याच आवाजांत ओ देतें. मिनिट दोन मिनिटांत शिसें किती, जस्त किती, तांबें किती, क्रोमियम किती, असे आंकडे पडद्यावर उमटतात. हें पाहून कोणीहि हरखून जाईल. तथापि येथेंच सावध राहिलें पाहिजे, आणि माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दाहि हाच आहे.

पहिली अडचण ओलाव्याची. खाडीच्या चिखलांत निम्म्याहून अधिक पाणीच असूं शकतें. त्या ओल्या गोळ्यावर यंत्र टेंकवलें तर तें खऱ्याहून कमी आंकडा दाखवितें. नमुना वाळवून, कुटून, चाळून मगच तें विश्वासानें वापरावें. दुसरी अडचण पाऱ्याची, आणि ती अधिक गंभीर आहे. गाळांतील जीवांना पारा किती झाला असतां बाधूं लागतो, याविषयीं अमेरिकेंतील समुद्र व वातावरण विभागाच्या संशोधकांनीं १९९५ सालीं दोन पायऱ्या सुचविल्या. गाळाच्या दशलक्ष भागांत ०.१५ भागांहून पारा कमी असेल तर अपाय क्वचित् दिसतो, ०.७१ भागांहून अधिक असेल तर वारंवार दिसतो. ०.१५ म्हणजे किती, तर एक हजार किलो वाळल्या गाळांत सव्वा गुंज! आणि हें हातयंत्र साधारणपणें पांच दहा भागांखालील पारा पाहूंच शकत नाहीं. म्हणजे गाळ वरची पायरी कित्येक पटींनीं ओलांडून गेला, तरी पडद्यावर 'आढळला नाहीं' असेंच उमटेल. यंत्र खोटें बोलत नाहीं. त्याच्या डोळ्याला तेवढें बारीक दिसत नाहीं, इतकेंच. पण सभेंत कोणी तो कागद फडकावून 'पारा नाहीं' असें सांगूं लागला, तर त्याला हा प्रश्न अवश्य विचारावा कीं, महाशय, आपल्या यंत्राला किती पारा दिसतो?

उलट दिशेनेंहि फसगत होते. त्याच अमेरिकन कोष्टकांत तांब्याची खालची पायरी दशलक्षांत ३४ भागांची आहे. आतां आपला कोंकण आणि सह्याद्रि ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे, त्यांत तांबें निसर्गतःच शंभर भागांच्या मागेंपुढें असतें. त्या पाषाणाची झीज होऊन जो गाळ खाडींत आला, तो मनुष्याचा हात न लागतांहि परक्या कोष्टकाप्रमाणें दोषी ठरेल. निकेलची आणि क्रोमियमची गोष्ट पुष्कळशी अशीच. शिसें, कॅडमियम आणि पारा यांची मात्र निराळी. ते आपल्या पाषाणांत अत्यल्प, म्हणून ते वाढलेले दिसले तर बहुधा बाहेरून आले असें समजावें. याकरितां आपल्या गाळाला आपलेंच माप लावावें लागतें. नळीच्या कांडींतील अगदीं खालची चकती, कारखाने येण्यापूर्वीं बसलेली, ती आपली मूळ तुकडी. वरच्या चकत्या तिच्याशीं ताडून पाहावयाच्या. शिवाय बारीक गाळ आणि रेती यांची तुलना होऊं नये म्हणून धातूचें ॲल्युमिनियमशीं असलेलें प्रमाण काढतात, कारण तें चिकणमातीबरोबर वाढतें.

आपल्यांत म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ती भातापुरती खरी, कारण भात एका भांड्यांत एका आंचेवर शिजतो. खाडी कांहीं असें ढवळलेलें भांडें नव्हे. नाल्याच्या मुखाशीं एक प्रकार, तिवरांच्या मुळांशीं दुसरा, पन्नास पावलांवर तिसरा. एका ओंजळीवरून खाडी शुद्ध ठरविणारा आणि एका ओंजळीवरून ती मेली असें ओरडणारा, दोघेहि सारखेच घाईचे. हातयंत्राचा खरा उपयोग येथें आहे. प्रयोगशाळेंतील परीक्षा महाग आणि सावकाश; शंभर जागा तेथें पाठविणें परवडत नाहीं. म्हणून शंभर जागीं यंत्र फिरवावें, जेथें आंकडे चढे दिसतील त्या जागा निवडाव्या, कांहीं उतरत्या आंकड्यांच्या जागाहि मुद्दाम घ्याव्या, आणि तेवढ्यांचे नमुने प्रयोगशाळेस द्यावे. आई मुलाच्या कपाळाला हात लावून ताप आहे असें ओळखते; पण ताप कशाचा हें ती हातानें ठरवीत नाहीं, वैद्याला बोलावते.

गृहिणी विचारतील कीं, मग खाडीची चिंबोरी आणि कालवें आणावीं कीं आणूं नयेत? याचें उत्तर गाळाची परीक्षा देत नाहीं, आणि देतें असें जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. गाळांत असलेलें सर्वच द्रव्य जिवांच्या अंगांत शिरतें असें नाहीं. त्यासाठीं मासळीचें मांसच तपासावें लागतें, आणि जातीजातीनें तपासावें लागतें. कारण कालव एका जागीं बसून पाणी गाळतें, आणि बोय फिरती असते. ज्या कोळी कुटुंबांच्या पानांत ही मासळी रोज पडते, त्यांना हें उत्तर मिळणें आपल्याहून अधिक निकडीचें आहे. बागेच्या हौसेपोटीं खाडीचा किंवा नाल्याचा उपसलेला गाळ कुंड्यांत घालणाऱ्यांना मात्र मी आजच सांगेन कीं, घालूं नका.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या नाहूर-भांडुपच्या दाराशीं येऊन ठेपली आहे. त्या काळ्या दुर्गंधी चिखलाचा एक गुण आहे. त्यांतील गंधक शिसें, कॅडमियम, जस्त यांना घट्ट धरून ठेवतें. जोंवर चिखल पाण्याखालीं, हवेवेगळा आहे तोंवर हे धातु बव्हंशीं कैदेंत असतात. तोच चिखल यंत्रानें उपसून वर टाकला, त्याला वारा लागला, कीं गंधकाची पकड सुटते, आंबटपणा वाढतो आणि कैदी मोकळे होतात. २०२४ सालीं केंद्र सरकारनें धारावीच्या पुनर्वसनासाठीं कांजूर, भांडुप आणि मुलुंड येथील मिठागरांची सुमारें अडीचशे एकर जमीन देण्यास मान्यता दिली. घरें कोठें बांधावीं हा वाद येथें मी काढीत नाहीं. त्यास दुसरें व्यासपीठ आहे. पण ज्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या खाडीचें पाणी घेऊन आटविलें, तिच्या थरांत काय बसलें आहे हें पाहिल्यावांचून ती उकरणें मला शहाणपणाचें वाटत नाहीं. जीं मुलें त्या मातीवर खेळणार, त्यांचे आईबाप आज दुसऱ्याच वस्तींत राहतात आणि त्यांना हें विचारावयाचें सुचणारहि नाहीं.

कायद्याची वाट आतां कांहींशी मोकळी झाली आहे. २०२५ सालीं केंद्र सरकारनें दूषित स्थळांच्या व्यवस्थेविषयीं स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले. संशयित स्थळांची नोंद जिल्ह्याच्या प्रशासनानें करावयाची आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानें त्यांची तपासणी करावयाची, अशी त्यांची योजना आहे. संशय नोंदविण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाहीं. अर्जांत जागा नेमकी लिहावी, पूर्वीं तेथें काय होतें तें लिहावें, आणि उत्तरादाखल अहवाल आला तर त्यांत नमुने किती जागांचे, किती खोलीचे, ओले कीं वाळविलेले, पारा कोणत्या यंत्रानें मोजला आणि तुलना कशाशीं केली, एवढें पाहावें. हीं उत्तरें नसतील तर अहवाल परत पाठवून मागवावीं.

आणि हें सारें भराव पडण्यापूर्वीं व्हावयास हवें. एकदां वर दोन पुरुष उंचीचा मुरूम दाबला, कीं नळी खालच्या थरापर्यंत पोंचत नाहीं. मग छिद्र पाडणारें मोठें यंत्र आणावें लागतें, तें वरची माती खालीं आणि खालची वर करतें, आणि थरांचा क्रम पुन्हां लावतां येत नाहीं.